भुंगेऱ्यांची ओळख किडीपुरती नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वृत्तपत्रांत भुंगेऱ्यांचे नाव येते ते बहुधा नुकसानीच्या बातमीत. हुमणीने, म्हणजे भुंगेऱ्याच्या जमिनीतील अळीने, मुळे कुरतडली किंवा सोंडकिड्यांनी साठवलेले धान्य पोखरले, अशा त्या बातम्या असतात. त्या खऱ्या आहेत आणि छापल्याही पाहिजेत. परंतु शास्त्रज्ञांनी आजवर भुंगेऱ्यांच्या सुमारे ४ लाख जातींची नोंद केली आहे, म्हणजे ज्ञात प्राण्यांच्या जातींपैकी जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या या गणाचा आहे. एवढ्या मोठ्या गणाची ओळख वाचकाला केवळ त्यातील उपद्रवी जातींवरून व्हावी, हे मला योग्य वाटत नाही. म्हणून हे पत्र.

भुंगेरा ओळखण्याची मुख्य खूण त्याच्या पाठीवर असते. कीटकांना सहसा पंखांच्या दोन जोड्या असतात. भुंगेऱ्यांमध्ये त्यांपैकी पुढची जोडी कठीण कवचासारखी झालेली असते आणि बसलेल्या भुंगेऱ्याच्या पाठीवर हे दोन पंख मधोमध एका सरळ रेषेत जुळतात. उडण्याचे काम मुख्यतः मागचे पातळ पंख करतात, जे एरवी या कवचाखाली घडी घालून ठेवलेले असतात. ढेकणांच्या गणातील कीटक वरवर पाहता भुंगेऱ्यांसारखे दिसतात, पण त्यांचे पुढचे पंख एकमेकांवर तिरपे येतात आणि तोंड सोंडेसारखे, रस शोषणारे असते. भुंगेऱ्यांना मात्र चावण्याचे जबडे असतात. सोंडकिड्याची लांब सोंडही याला अपवाद नाही, कारण तिच्या टोकाशी लहानसे जबडेच असतात. फुलांवर गुणगुणणारा काळा भुंगा मात्र मधमाश्यांचा नातलग आहे, त्याचा या गणाशी संबंध नाही.

या कवचाचे महत्त्व केवळ ओळखीपुरते नाही. नाजूक पंख झाकलेले राहत असल्यामुळे भुंगेऱ्याला माती उकरता येते, झाडाच्या सालीखाली शिरता येते आणि शेणात वावरता येते, आणि तरीही त्याची उडण्याची क्षमता शाबूत राहते. पाणभुंगेरे याच कवचाखाली हवा साठवून बुडी मारतात. रुक्ष प्रदेशांतील कित्येक जातींमध्ये कवचाखालची बंदिस्त जागा शरीरातील ओलावा टिकवण्यास मदत करते, आणि त्यांपैकी काहींमध्ये दोन्ही कवचे एकमेकांना कायमची जुळून गेल्यामुळे उडणे अजिबात संपले आहे. भुंगेरे इतक्या निरनिराळ्या ठिकाणी पसरले, त्यामागे हे कवच हे एक मोठे कारण मानले जाते, आणि मला ते पूर्णपणे पटते.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्यांचे संपूर्ण रूपांतरण. अंडे, अळी, कोष आणि प्रौढ अशा चार अवस्थांतून प्रत्येक भुंगेरा जातो. अळी आणि प्रौढ यांची राहण्याची जागा आणि अन्न बहुधा वेगळे असल्यामुळे एकाच जातीच्या दोन पिढ्यांमध्ये अन्नासाठी स्पर्धा कमी होते. काजवा हाही भुंगेराच. त्याच्या अनेक जातींच्या अळ्या गोगलगायी खाऊन वाढतात, तर प्रौढ काजवे फारसे काही खात नाहीत. त्यांचा प्रकाश ल्युसिफेरिन या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन निर्माण होतो आणि त्यात उष्णता नगण्य असते.

या दोन रूपांतील फरकामुळेच एक मोठी हानी होते, आणि तीच मला प्रामुख्याने मांडायची आहे. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला लेडीबर्ड भुंगेरा पुष्कळांच्या परिचयाचा असतो. त्याची अळी मात्र काळपट, लांबट, अंगावर काटेरी उंचवटे आणि नारिंगी डाग असलेली, एखाद्या इवल्याशा मगरीसारखी दिसते. या गटातील बहुतेक जातींच्या अळ्या आणि प्रौढ मावा व खवले किडी या झाडांचा रस शोषणाऱ्या किडींवर जगतात. तरीही पानावर मावा आणि अळी एकत्र दिसली की अळीलाच अपराधी समजून चिरडले जाते. या भुंगेऱ्यांचे सामर्थ्य जगाने फार पूर्वी पाहिले आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात संत्रा-लिंबाच्या बागा खवले किडीने उद्ध्वस्त होत असताना, १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून वेडालिया ही लेडीबर्डची जात तेथे नेण्यात आली आणि थोड्याच काळात ती कीड आटोक्यात आली.

ऑस्ट्रेलियाला मात्र भुंगेरे बाहेरून आणावे लागले. तेथील मूळच्या शेणकिड्यांना, म्हणजे शेणावर जगणाऱ्या भुंगेऱ्यांना, कांगारूंसारख्या प्राण्यांच्या कोरड्या लेंड्यांची सवय होती; युरोपीयांनी आणलेल्या गाईगुरांचे ओले शेण कुरणांत तसेच पडून राही, त्याखालचे गवत मरे आणि त्यात माश्यांची पैदास होई. अखेर १९६०च्या दशकापासून तेथील सीएसआयआरओ या राष्ट्रीय संशोधन संस्थेने आफ्रिका आणि इतर भागांतील शेणकिडे आणून कुरणांत सोडले. त्यांच्यातील अनेक जाती तेथे स्थिरावल्या आणि शेण पुन्हा जमिनीत मुरू लागले.

धान्य पोखरणारे, लाकूड पोकळ करणारे आणि पिके फस्त करणारे भुंगेरे आहेतच, आणि त्यांचा बंदोबस्त करावा लागतो. पण बहुतेक जाती माणसाच्या वाटेला जातही नाहीत.

माझी आपणास विनंती एवढीच आहे की, किडीविषयीच्या मजकुरात नुकसान करणाऱ्या जातीचे नेमके नाव द्यावे, केवळ ‘भुंगेरे’ म्हणून थांबू नये. तसेच प्रौढाच्या छायाचित्राशेजारी त्याच्या अळीचे आणि कोषाचेही छायाचित्र छापावे, आणि त्याची सुरुवात लेडीबर्डच्या अळीपासून करावी.

आपला नम्र,
एक वाचक