आमच्या बागेतल्या प्रयोगाचे आकडे आम्हालाच दाखवायला अडचण काय?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या ढगांवर विमानं फिरवून पाऊस पाडायचा प्रयोग झालता ते कितीजणांच्या लक्षात आहे काय माहीत. २०१८ आणि २०१९ चा पावसाळा. पुण्याची जी केंद्र सरकारची हवामान संस्था आहे, आयआयटीएम, त्यांचे शास्त्रज्ञ आलते, रडार बसवलं, विमानाच्या पंखाला कॅल्शियम क्लोराईडच्या नळकांड्या लावून ढगात सोडल्या. काही ढगांवर मारलं आणि काही मुद्दाम तसेच सोडले, म्हणजे फरक कळावा म्हणून. एकूण २७६ ढग अभ्यासले. त्याचा पेपर २०२३ मध्ये अमेरिकेच्या हवामान सोसायटीच्या मासिकात आला आणि मग आपल्याकडं बातम्या आल्या की सोलापुरात कृत्रिम पावसानं १८ टक्के वाढ, लिटरला १८ पैसे खर्च.

बातमी चांगलीच होती, मी पण दहा ग्रुपवर फॉरवर्ड केली. पण नंतर डोक्यात आलं की १८ टक्के म्हणजे नेमके कुठं ओ? पेपरात लिहिलंय की पेरलेल्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेला साधारण १०० चौरस किलोमीटरमध्ये १८ टक्के आणि काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत. बरं, मग ती काही ठिकाणं कुठली? मोहोळची का अक्कलकोटची का मंगळवेढ्याची? कुठल्या तारखेला, कुठल्या पर्जन्यमापकात किती मिलिमीटर? ढग आमचा, रान आमचं, पैसा आमचा (केंद्राचा म्हणजे शेवटी कुणाचा), पेपर इंग्रजीत बोस्टनमधनं निघतो, आणि तालुक्याला एक मराठी तक्ता कुणी लावला असेल तर माझ्या तरी बघण्यात नाही. शास्त्रज्ञांनी काम चोख केलंय यात वाद नाही, चिठ्ठ्या टाकल्यासारखं ढग निवडून प्रयोग करणं म्हणजे गंमत नाही. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. सरकारी पैशानं जे संशोधन होतं त्याचा नुसता निष्कर्ष नको, त्याच्या मागचे आकडे पण लोकांना मोकळे पाहिजेत. आणि ज्याच्या रानात ते झालं त्याला तर पहिल्यांदा.

हे मी हवेत बोलत नाही. माझी डाळिंबाची बाग आहे, भगवा जातीची. काही वर्षांपूर्वी एका संशोधन संस्थेचे लोक बागेत आले. नाव घेत नाही, पण गैरसमज नको म्हणून सांगतो, सोलापूरची नव्हे, बाहेरची. तेल्यावर (डाळिंबाच्या पानाफळांवर डाग पाडणारा रोग) फवारणीचं ट्रायल करायचंय म्हणाले, तुमची बाग सोयीची आहे. मी म्हटलं करा की. दोन बहार चाललं ते. झाडाला पिवळ्या प्लास्टिकच्या चिठ्ठ्या बांधल्या, त्यावर मार्करनं टी१ आर१, टी३ आर२ असं लिहिलेलं, टी म्हणजे कुठलं औषध आणि आर म्हणजे कितव्यांदा. दर पंधरवड्याला एक पोरगा यायचा, एमएस्सीचा, प्रत्येक झाडाच्या चार फांद्या धरून पानं मोजायचा, डाग मोजायचा, फळं मोजायचा, वहीत लिहायचा. इतकं बारीक काम मी आयुष्यात बघितलं नव्हतं. टी३ ची ओळ बाकीच्यापेक्षा बरी राहिली हे मला डोळ्यानं दिसत होतं आणि टी५ च्या ओळीत तर काहीच न मारलेल्या झाडांपेक्षा पण डाग जास्त वाटत होते. पण टी३ काय आणि टी५ काय हे मला शेवटपर्यंत कळलं नाही! विचारलं तर साहेब म्हणाले, "पेपर यायचाय, त्याआधी देता येत नाही." पुढच्या वर्षी फोन केला तर ते साहेब बदलून गेलते. त्यांच्या जागचे म्हणाले डेटा त्यांच्याकडं नाही, मागच्या साहेबांच्या लॅपटॉपमध्ये असेल. म्हणजे सरकारी पगारावर, सरकारी गाडीत येऊन, माझ्या झाडांवर गोळा केलेला डेटा बदली झाली की लॅपटॉपबरोबर बदलून जातो. पेपर आला का नाही ते पण माहीत नाही, आला असेल तरी तो उघडायला पैसे भरावे लागत असतील.

आता कुणी म्हणेल शिफारशी तर छापून येतात की. येतात. कॉपर इतकं, बोर्डो तितकं, छाटणीनंतर अमुक दिवसांनी. पण शिफारस म्हणजे जे चाललं ते. जे चाललं नाही त्याचं काय? आठ औषधं ट्रायलला लावली आणि दोन चालली, तर राहिलेल्या सहांचे आकडे आमच्यासाठी जास्त मोलाचे आहेत, कारण कृषी सेवा केंद्रात गेलं की तीच सहा वेगळ्या बाटलीत, वेगळ्या नावानं आमच्या गळ्यात मारतात. तेल्या आला की माणूस घाबरून जे दिसेल ते मारतो, एका बहाराला फवारणीचा खर्च कुठल्या कुठं जातो. पडलेलं ट्रायल कुणी छापत नाही, मासिकाला त्यात रस नसतो आणि शास्त्रज्ञाला त्याचं प्रमोशन मिळत नाही. मग त्या वह्या कपाटात.

मुद्दाम सांगतो, कायदा आणि धोरण यांची आपल्याकडं कमी नाही. माहिती अधिकार २००५ चा आहे, त्यातलं कलम ४ तर असं म्हणतं की कुणी अर्ज करायची वाट न बघता सरकारनं स्वतःहून जास्तीत जास्त माहिती मांडायची. २०१२ मध्ये केंद्रानं डेटा शेअरिंगचं धोरण काढलं, त्यात सरळ लिहिलंय की सार्वजनिक पैशातनं तयार झालेला, गोपनीय नसलेला डेटा लोकांना मिळायला पाहिजे, त्यासाठी डेटाची सरकारी वेबसाईट पण निघाली. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं मोफत वाचनाचं धोरण २०१३ चं, विज्ञान आणि जैवतंत्रज्ञान खात्याचं डिसेंबर २०१४ चं. कृषी विद्यापीठांचे थिसिस कृषीकोश नावाच्या साईटवर मिळतात, मी वाचलेत, चांगलं काम आहे. फक्त बरेच थिसिस स्कॅन केलेले, मग त्यातला तक्ता एक्सेलमध्ये घ्यायचा तर एकेक आकडा हातानं टाइप करत बसा.

आणि आता नवीन, वन नेशन वन सबस्क्रिप्शन. तीन वर्षांना ६००० कोटी, ३० प्रकाशक, १३ हजारांच्या आसपास जर्नल, ६३०० सरकारी संस्थांना वाचायला खुली. कॉलेजच्या पोरांसाठी ही योजना सोन्यासारखी आहे, नाही म्हणत नाही. पण जरा हिशोब लावा, संशोधनाला पैसा आपण दिला, ते छापलं परदेशी कंपनीनं, ते परत वाचायला ६००० कोटी पण आपणच दिले, आणि ज्याच्या बागेत झाडं मोजली तो शेतकरी कुठल्या संस्थेचा मेंबर नाही म्हणून गेटच्या बाहेरच.

अमेरिकेचं उदाहरण लोक नेहमी देतात म्हणून मी जरा शोधलं. तिथं फेब्रुवारी २०१३ मध्ये व्हाईट हाऊसच्या विज्ञान कार्यालयानं मोठ्या खात्यांना आदेश काढला की केंद्राच्या पैशावर झालेले पेपर वर्षभरात लोकांना फुकट द्या आणि डेटाचं पण नियोजन करा. ऑगस्ट २०२२ मध्ये ती वर्षाची सवलत पण काढून टाकायला सांगितली, म्हणजे पेपर छापला त्याच दिवशी मोफत, आणि त्या पेपरमागचा डेटा पण. त्यांच्या आरोग्य संशोधन संस्थेनं १ जुलै २०२५ पासून ते लागू केलं. त्याच्या आधीचं एक उदाहरण तर मला फार आवडलं. लँडसॅट उपग्रहाचा एक फोटो ६०० डॉलरला विकायचे तेव्हा वर्षाला जास्तीत जास्त २५ हजारांच्या आसपास जायचे, २००८ मध्ये फुकट करायचं ठरवलं आणि बघता बघता वर्षाला दहा लाखांच्या वर डाउनलोड व्हायला लागले.

पण तिथं पण सगळं आलबेल नाही. २०२५ च्या सुरुवातीला सरकार बदललं आणि त्यांच्या कृषी खात्यानं हवामान बदलाची पानंच वेबसाईटवरनं काढून टाकली. न्यूयॉर्ककडच्या सेंद्रिय शेतकऱ्यांच्या संघटनेनं पर्यावरणवाल्यांना बरोबर घेऊन फेब्रुवारीत कोर्टात केस टाकली, म्हणाले आमचं पेरणीचं नियोजन यावर चालतं, आणि मे महिन्यात खातं म्हणालं बरं बाबा, परत टाकतो. (आपल्याकडं अशी केस टाकली तर नातवाच्या लग्नापर्यंत तारखा.) एवढ्यावरनं मला एक कळलं, सरकारी वेबसाईटवर टाकलंय म्हणजे कायमचं आहे असं धरून चालू नका, एखादी कॉपी विद्यापीठाकडं, एखादी लोकांकडं पाहिजे.

आपल्या ऑफिसात गेलं की एक उत्तर हमखास मिळतं, "तुम्हाला काय कळणार त्यातलं." याचा मला फार राग येतो, आणि हे तर सोलापुरात कुणी म्हणूच नये. इथं पावसाळ्यात चहाच्या टपरीवर उभं राहा. उजनी धरण मायनसमधनं प्लसमध्ये कधी आलं, दौंडचा विसर्ग किती, बंडगार्डनचा किती, भीमेत किती सोडलं, पाणीपातळी किती मीटर, हे टपरीवाल्याला तोंडपाठ. ११७ टीएमसीचं धरण आणि त्यातलं ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा, पाणी त्याच्या खाली गेलं की मायनस, हे इथल्या पाचवीतल्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. सकाळी सहाचे आकडे सातच्या आत व्हॉट्सअॅपवर फिरतात आणि त्यावर लोक ऊस लावायचा का नाही ते ठरवतात. का? तर ते आकडे रोज मिळतात, साधे मिळतात, मराठीत मिळतात. डाळिंबाच्या ट्रायलचे मिळाले तर तेही वाचतील. सगळे नाही वाचणार, पण गावात दोघं तरी वाचतील आणि ते दोघं बाकीच्यांना सांगतील.

दुसरी अडचण सांगतात गुपिताची. कंपनीचं गुपित असेल तर एकवेळ समजू शकतो, माहिती अधिकारात कलम ८ मध्ये ती सोय आहेच. पण जीएम (जनुक बदललेल्या) मोहरीचं काय झालं बघा, ते वाण दिल्ली विद्यापीठानं सरकारी पैशावर केलेलं, तरी सुरक्षिततेच्या चाचण्यांच्या डेटासाठी प्रकरण केंद्रीय माहिती आयोगापर्यंत गेलं, आयोगानं २०१६ मध्ये डेटा उघड करा म्हणून आदेश दिला, आणि मग काय तर वेबसाईटवर सारांश आणि पूर्ण कागद बघायचे तर दिल्लीत मंत्रालयात येऊन बसून बघा. सांगोल्याच्या माणसानं दिल्लीला जायचं कागद चाळायला! त्यात २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम बदललं. आधी त्यात लिहिलेलं होतं की जी माहिती संसदेला नाकारता येत नाही ती सामान्य माणसालाही नाकारता येणार नाही, ते वाक्यच गेलं. मला भीती ही आहे की उद्या कुणी ट्रायलचे आकडे मागितले की "यात शेतकऱ्यांची वैयक्तिक माहिती आहे" म्हणून अर्ज परत पाठवतील. ओ, मग माझं नाव खोडा, गट नंबर खोडा, तालुका आणि झाडाचा नंबर तेवढा ठेवा. आमची नावं कुणाला पाहिजेत.

शास्त्रज्ञांची एक भीती मात्र खरी आहे. दोन वर्षं उन्हात फिरून डेटा गोळा करायचा आणि कुणीतरी एसीत बसून त्यावर आधी पेपर काढायचा. त्या एमएस्सीच्या पोराची मेहनत मी बघितलीय, त्यामुळं हे मला पटतं. मग मुदत ठेवा की, वर्षभर, फार तर दीड वर्ष, तेवढ्यात पेपर काढा, नंतर तक्ता खुला, पेपर निघो न निघो. आणि डेटा गोळा करणाऱ्याचं नाव तक्त्यावर पहिलं पाहिजे.

सोलापूर तर या बाबतीत देशाला दाखवून देऊ शकतं. इथं कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालू आहे, मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ ज्वारी अजून लोक पेरतेत, डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून केगावला आहे. एवढ्या वर्षांचा पाऊस, जमिनीतली ओल, ज्वारीचा उतारा, हे सगळं एका ठिकाणी, एक्सेलमध्ये, मराठी मथळे देऊन ठेवलं तर आजचा बिनभरवशाचा पाऊस आणि आजोबांच्या काळचा पाऊस यात नेमका काय फरक पडला ते आम्हाला आमच्याच जिल्ह्याच्या आकड्यात दिसेल. जुन्या वह्या आहेत तोवर करा, वाळवी काय धोरण वाचून थांबत नाही.

मी माझ्यापुरता माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय, दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. मागितलंय एवढंच, माझ्या बागेतल्या ट्रायलचा तक्ता, टी१ पासून शेवटच्या टी पर्यंत औषधांची नावं आणि डागांचे आकडे. उत्तर काय येईल ते कळवतो.

तुमच्याकडं विनंती आहे. तुमच्या कृषी पानावर नवीन वाण, नवीन फवारणी, नवीन शिफारस म्हणून बातम्या येतात तेव्हा तुमच्या वार्ताहराला संस्थेला दोन प्रश्न जास्तीचे विचारायला सांगा, ट्रायल किती गावात आणि किती हंगाम घेतलं, आणि त्याचा तक्ता कुठं बघायला मिळेल. मिळाला तर बातमीखाली लिंक छापा. नाही मिळाला तर "आकडे देण्यास नकार" असं पण छापा.

आपला,
एक डाळिंब बागायतदार,
सोलापूर