कार्डावरचं वय

मा. संपादक,

दिवाळी झाली की आमच्या बीड जिल्ह्यातल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती जोडीला. म्हणून हंगामाच्या तोंडावर पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी उजवल्या जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात २१.९ टक्के निघाल्या, बीडमध्ये ४३.७ टक्के.

मी निवृत्त आरोग्यसेविका आहे. अशीच एक पोर तिसऱ्या महिन्यात उपकेंद्रात आली. सासूनं वय १९ सांगितलं, मी तिच्या गरोदरपणाच्या कार्डावर १९ लिहिलं. ती सोळाची आहे हे मला दिसत होतं. पण खरं लिहिलं तर पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवावं लागतं, नवरा आत जातो आणि पोर पुन्हा तपासणीला येत नाही, या भीतीनं मी गप्प बसले. त्या एका आकड्यामुळे तिची अतिजोखमीची माता म्हणून नोंदच झाली नाही. या वयात रक्तदाब वाढून झटके येतात, बाळंतपण अडतं, दिवस भरायच्या आत बाळ येतं. अंगात रक्त तर आधीच कमी. सातव्या महिन्यात ती फडावर गेली, मोळ्या वाहिल्या आणि कोपीतच, म्हणजे तिथल्या झोपडीतच, बाळंत झाली. बाळ दीड किलोचं होतं. आठवडाभर जगलं. पुढच्या हंगामाआधी तिला पुन्हा दिवस गेले होते.

लग्न लावणाऱ्यांना सोडा, असं मी म्हणत नाही. पण ग्रामसेवक हाच गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. त्यानं मांडव पडायच्या आधी जागं व्हावं. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीनं आणि पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरांनी तिची ओळख उघड करायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं. मग मूल जन्माला घालणाऱ्या मुलीला तेवढा आडोसा का नको? तो मिळाला तर कार्डावर खरं वय येईल.

आणखी एक. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा जाते, पण तिच्या घरी. कारखान्याच्या तळावरच्या कोपीत कोण जातं? हंगाम सुरू होताच, तळ असेल त्या-त्या गावच्या आशांना टोळ्यांमधल्या गरोदर बायकांची यादी मिळावी, आणि मुकादमाकडून ती घेण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकावी.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. बीड