सव्वातीन की साडेतीन? गणिताच्या बाईंना आभारपत्र

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

अपूर्णांकांचा भागाकार शिकवण्याची वेळ माझ्यावर आली, तेव्हा तुम्ही आमच्यासाठी नेमके काय केले होते ते मला उमगले. त्याबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

‘भाजक उलटा करा आणि गुणा’ हा नियम तुम्ही फळ्यावर पुष्कळ उशिरा लिहिलात. त्याआधी तुम्ही विचारले होते, की पावणेदोनमध्ये अर्धे किती वेळा मावतात? तीन अर्धे काढून घेतल्यावर पाव उरतो, म्हणून वर्गाने एकमुखाने ‘सव्वातीन’ असे उत्तर दिले. ते चूक आहे, असे तुम्ही म्हटले नाही. ‘उरलेला पाव कशाचा पाव आहे?’ एवढेच विचारून तुम्ही थांबलात. तो पाव एकाचा आहे, पण आपण मोजत आहोत ते अर्ध्याने, आणि अर्ध्याच्या मापाने तोच पाव अर्धा भरतो, म्हणून उत्तर साडेतीन, हे आमचे आम्हाला उलगडेपर्यंत तुम्ही धीर सोडला नाही. पुढे दोन तृतीयांश एकामध्ये दीड वेळा मावतात, म्हणून 2/3 ने भागणे म्हणजे 3/2 ने गुणणेच होय, हे दिसले आणि नियम वेगळा पाठ करावा लागला नाही.

नियम वापरता येणे आणि तो का चालतो हे कळणे, या दोहोंनाही आपण ‘समजले’ असेच म्हणतो. गणितशिक्षणाचे अभ्यासक रिचर्ड स्केम्प यांनी 1976 साली आपल्या लेखात आकलनाच्या या दोन प्रकारांमधला भेद मांडला. पहिल्या प्रकाराने उत्तर लवकर हाती येते, हेही त्यांनी मोकळेपणाने मान्य केले.

पाढ्यांच्या बाबतीत मात्र तुम्ही कठोर होता (तेव्हा ते जाचकच वाटे). समजून शिकण्याचा आग्रह धरणारे अनेकजण पाठांतराला नाके मुरडतात, ते मला पटत नाही. मनात एका वेळी थोड्याच गोष्टी धरून ठेवता येतात. सात आठे किती, हे आठवण्यातच मन गुंतले, तर कारणाचा शोध घ्यायला ते मोकळे राहत नाही.

अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई प्रत्येक शिक्षकाला असते, हे आता मी अनुभवाने जाणते. तरीही त्या एका भागाकाराला तुम्ही अख्खा तास दिलात, याबद्दल मी तुमची कायमची ऋणी आहे.

तुमची विद्यार्थिनी