खेळ सुटल्यावर तो हरवला नाही, त्याला आधीच दुसरं काही होऊ दिलं नव्हतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत एका माजी अमेरिकन कॉलेज फुटबॉलपटूच्या आत्मकथनाचं परीक्षण आलंय ते वाचलं. आधी एक बारकी तक्रार, सोबत फोटो लावलाय तो गोल चेंडूला किक मारणाऱ्या खेळाडूचा, अहो हा तो फुटबॉल नव्हे, हा हेल्मेट आणि खांद्याला पॅड लावून लंबगोल चेंडू काखेत मारून पळायचा आणि समोरच्याला आडवा करायचा खेळ आहे, पायाचा संबंध अधूनमधूनच येतो. असो, फोटोचं सोडून देऊ.

मला लिहावंसं वाटलं ते परीक्षणाच्या सुरामुळे. खेळ संपला, माणूस हरवला, मग जिद्दीनं उभा राहिला, तरुणांनी प्रेरणा घ्यावी, असा एकूण सूर. पुस्तक मी पण वाचलंय आणि मला त्यात जिद्दीपेक्षा हिशोब जास्त दिसला. चार-पाच वर्षं त्याचा प्रत्येक तास कुणीतरी आधीच वापरून टाकलेला होता, त्यामुळे खेळ सुटल्यावर हातात काही नव्हतं. यात मानसिक कमकुवतपणा वगैरे कुठून आला?

हे मी नुसतं पुस्तक वाचून बोलत नाहीये. मिडवेस्टमधल्या एका मोठ्या विद्यापीठात एमएस करत असताना मी ॲथलीट पोरांच्या स्टडी सेंटरमध्ये ट्यूटर होतो, स्टॅटिस्टिक्स शिकवायचो. एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसा असल्यामुळे सेमिस्टर चालू असताना मला कॅम्पसवर आठवड्याला २० तासांच्या वर काम करायची परवानगी नव्हती, आणि एनसीएए म्हणजे तिकडची कॉलेज खेळांची मुख्य संघटना, तिचा पण नियम असा की सीझनमध्ये खेळाडूकडून आठवड्याला २० तासच खेळाचं काम करून घ्यायचं. फरक एवढाच की माझे तास टाइमशीटवर मोजले जायचे आणि त्यांचे मोजायचं गणितच वेगळं होतं. मॅचचा दिवस कितीही लांबला तरी ३ तासच धरायचा. प्रवास धरायचा नाही. ट्रेनरकडे जाऊन दुखऱ्या गुडघ्यावर उपचार घेणं धरायचं नाही. 'ऐच्छिक' व्यायाम तर अजिबातच धरायचा नाही, आणि ऐच्छिकला जो येत नाही त्याचं शनिवारच्या मॅचला काय होतं हे त्या पोरांना कुणी सांगावं लागत नव्हतं.

माझ्याकडे एक लाइनमन यायचा, म्हणजे पुढच्या रांगेत उभा राहून समोरच्याला अडवणारा. १३५ किलोच्या आसपास वजन, दोन्ही गुडघ्यांना बर्फाच्या पिशव्या प्लास्टिकनं गुंडाळलेल्या, हातवाल्या खुर्चीत मावायचा नाही म्हणून टेबलाच्या कडेला तिरका टेकायचा. पोरगा हुशार होता, हे मुद्दाम सांगतोय कारण आपल्याकडे अंगानं आडवा माणूस दिसला की डोकं कमी असं धरूनच चालतात. स्टँडर्ड डेव्हिएशन त्याला एकदाच सांगावं लागलं, नंतर त्यानंच समोरची टीम थर्ड डाउनला (चेंडू पुढं न्यायच्या तिसऱ्या प्रयत्नाला) काय करते याचे आकडे काढून मला दाखवले. त्याला बायॉलॉजी करायचं होतं. पण लॅब दुपारी आणि प्रॅक्टिसही दुपारी. कुणी त्याला नाही म्हटलं नाही बरं का, सल्लागारानं फक्त टाइमटेबल समोर ठेवलं आणि तूच बघ म्हणाला. मग टीममधली बरीच पोरं ज्या एक-दोन विषयांत होती तिथंच हा पण गेला.

एखाद्यानं म्हणावं की एका पोराचं उदाहरण घेऊन काय होतं, तर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉल खेळाडूंनी २०१४ मध्ये युनियन करायला अर्ज केला होता तेव्हाची सुनावणी बघा. त्यांचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून टीमची चाल चालवणारा खेळाडू) केन कोल्टर, डॉक्टर व्हायची इच्छा होती, केमिस्ट्रीचा कोर्स प्रॅक्टिसला आडवा येतो म्हणून मागे पडला आणि शेवटी सायकॉलॉजीकडे गेला, असं त्यानं तिथं सांगितलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार मंडळाच्या शिकागोतल्या अधिकाऱ्यानं निकालात लिहिलं की ट्रेनिंग कॅम्पमध्ये आठवड्याला ५० ते ६० तास आणि सीझनमध्ये ४० ते ५० तास यांचे खेळात जातात, त्यामुळे हे कर्मचारीच आहेत. पुढं ऑगस्ट २०१५ मध्ये वरच्या मंडळानं आम्ही यात पडतच नाही म्हणून फाइल बंद केली. कर्मचारी आहेत की नाहीत, काहीच बोलले नाहीत.

आता पुस्तकातलं ते प्रकरण घ्या, शेवटच्या मॅचनंतरचं. परीक्षणात त्याला 'भावनिक' म्हटलंय. मला तर ते भावनिक कमी आणि ऑफिशियल जास्त वाटलं. जिमच्या दाराला कार्ड लावलं तर लाल दिवा. लॉकरवरची नावाची पट्टी गेलेली. टीमचं जेवण बंद, पण भूक तशीच, कारण वजन टिकवायला रोज किती गिळायचं हे वर्षानुवर्षं दुसऱ्यानं ठरवलेलं आणि ते कमी कसं करायचं हे सांगायला मात्र कुणीच नाही. वर्गात आलाय का बघायला रोज एक माणूस दाराच्या काचेतून डोकवायचा (हे मी स्वतः पाहिलंय, हातात यादी आणि पेन), तो पण यायचा बंद. इतकी वर्षं उठायचं कधी इथपासून सगळं दुसऱ्यानं ठरवायचं आणि मग एका सोमवारी म्हणायचं, आता तुझं तू बघ, आणि त्याला बघता आलं नाही की पुस्तकाच्या पाठीवर 'ओळखीचा शोध' असं छापायचं!

बरं, पुढं एनएफएल म्हणजे तिकडची व्यावसायिक लीग आहे ना, असं आपल्याकडे सहज बोललं जातं. ड्राफ्टच्या, म्हणजे टीमनी कॉलेजच्या पोरांतून खेळाडू निवडायच्या, फेऱ्या ७, टीम ३२, २०२५ मध्ये एकूण २५७ पोरं निवडली गेली. एनसीएएचाच अंदाज असा की ड्राफ्टला पात्र होणाऱ्या कॉलेज खेळाडूंपैकी साधारण १.६ टक्के निवडले जातात. म्हणजे हे पुस्तक अपवादाचं नाहीच, नेहमीच्या गोष्टीचं आहे.

तुमच्या परीक्षकांनी जेराल्ड फोर्डचं उदाहरण दिलंय, मिशिगनकडून खेळला आणि राष्ट्राध्यक्ष झाला. खरंय, एनएफएलच्या ऑफर नाकारून तो पुढं येलला कायदा शिकला. पण तो १९३०च्या दशकातला, तेव्हा या खेळावर टीव्हीचा पैसा नव्हता. त्याच काळातला बायरन व्हाइट, कोलोरॅडोचा स्टार खेळाडू, पुढं सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश झाला, त्याचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. १९८४ मध्ये कोर्टानं टीव्ही हक्कांवरचा एनसीएएचा ताबा मोडला आणि कॉलेजांना आपापले सौदे करायची वाट मोकळी झाली, तेव्हा याच व्हाइटनं विरोधी मत लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की कॉलेजातला खेळ शिक्षणाला धरून ठेवायचा तर त्याला निव्वळ धंद्याच्या मापानं मोजू नका. बाकीच्यांत एकट्या रेनक्विस्टनं त्याला साथ दिली. पुढं काय झालं ते समोर आहे.

पैशांचं आता बदललंय हे मान्य. २०२१ पासून खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिराती करू शकतात, आणि जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कोर्टातल्या तडजोडीनंतर विद्यापीठं थेट पैसे देऊ लागलीत, पहिल्या वर्षी प्रत्येकी साधारण २ कोटी ५ लाख डॉलर्सपर्यंत, सगळे खेळ धरून. चांगलंच झालं, पण मोठा वाटा कुणाला जाणार हे सांगायला नको, क्वार्टरबॅकला. लाइनमनच्या वाट्याला येणारी दुखणी मात्र तेवढीच.

दुखण्यांवर परीक्षणात एक ओळ आहे, पुस्तकात अख्खं प्रकरण आहे. दुखापतीचा खर्च कुणी सोसायचा हे भांडण जुनं आहे. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजचा एक खेळाडू डोक्याला मार लागून गेला, त्याच्या बायकोनं कामगार म्हणून भरपाई मागितली, राज्याच्या सुप्रीम कोर्टानं १९५७ मध्ये नाही म्हटलं, कारण कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही! आज विद्यापीठातून बाहेर पडल्यावर खेळातल्या दुखापतीसाठी किमान दोन वर्षं वैद्यकीय खर्चाचं संरक्षण देणं डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे एनसीएएच्या सगळ्यात वरच्या गटात, सक्तीचं झालंय, ते पण ऑगस्ट २०२४ पासून. गुडघा दोन वर्षांत बोलत नाही हो, तो चाळिशीत बोलतो. आणि डोक्याचं तर त्याहून उशिरा कळतं. बोस्टन विद्यापीठाच्या लोकांनी २०१७ मध्ये दान केलेल्या मेंदूंचा अभ्यास छापला, त्यात कॉलेजपर्यंतच खेळलेल्या ५३ जणांपैकी ४८ जणांच्या मेंदूत सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार) सापडला. लक्षणं दिसली म्हणूनच बहुतेक घरच्यांनी मेंदू दिले असणार, त्यामुळे हा आकडा सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही, पण हे लोक एनएफएल खेळलेच नव्हते हे विसरू नका.

शेवटी एक विनंती. पुस्तकात ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारचा तक्ता आहे, पहाटे पावणेसहाला ट्रेनिंग रूम, मग वजनं, वर्ग, मीटिंग, प्रॅक्टिस, परत बर्फ, जेवण, सक्तीचा अभ्यास आणि झोपायच्या आधी मॅचचे व्हिडिओ, लेखकानं त्यावर एक शब्द लिहिलेला नाही, नुसता तक्ता छापलाय. परीक्षणात त्याचा उल्लेखच नाही. प्रकाशकाची परवानगी मिळत असेल तर पुढच्या रविवारी तेवढं एक पान मराठीत छापा, भाषांतर मी करून देतो, मानधन नको.

आपला,
एक नियमित वाचक