अपघात झाला तर तो कारखान्यातच झाला, असे लिहा

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

डिसेंबर 2023 मध्ये बाजारगावला आणि जून 2024 मध्ये धामण्याला स्फोट झाले, तेव्हा कारखान्यांतील सुरक्षिततेची नागपुरात बरीच चर्चा झाली. पण हिंगणा, बुटीबोरी किंवा कळमेश्वरला पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्राखाली, म्हणजे पॉवर प्रेसखाली, एखाद्याची बोटे जातात, तेव्हा त्याची बातमी होत नाही. अशा वेळी मालक पहिल्या काही तासांत कसा वागतो, यावर त्या कामगाराचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. अनेक वर्षे शिफ्ट सुपरवायझर म्हणून काम केलेला माणूस या नात्याने त्याविषयी लिहीत आहे.

आधी अर्थातच उपचार. तुटलेले बोट स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळून, पिशवीत बंद करून ती पिशवी बर्फात ठेवायची असते. बोट थेट बर्फात टाकल्यास ते जोडणे अवघड होते. एवढे तरी प्रत्येक शिफ्टमध्ये दोघा-तिघांना ठाऊक असलेच पाहिजे.

खरा अन्याय होतो तो त्यानंतर, कागदावर. एका हेल्परची दोन बोटे प्रेसमध्ये गेली, त्या दिवशी दवाखान्यात ‘कसे लागले?’ या प्रश्नाला ठेकेदाराच्या माणसाने परस्पर ‘गाडीवरून पडला’ असे उत्तर दिले आणि तेच केसपेपरवर उतरले. हाताला रक्ताळलेला पंचा गुंडाळून बसलेला तो पोरगा काहीच बोलला नाही, कारण त्याला नोकरी टिकवायची होती. त्या दोन शब्दांमुळे कामावरील दुखापतीचे सगळे हक्क धोक्यात येतात. ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, अशा दुखापतीसाठी तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या सुमारे 90 टक्के रक्कम मिळते आणि कायमचे अपंगत्व आल्यास मासिक लाभ मिळतो. पण दुखापत कामावर झाली, हे आधी नोंदलेले असावे लागते.

हे लपवण्यामागे बहुतेकदा एकच कारण असते, ते म्हणजे ठेक्यावरच्या कामगाराची नोंदणीच केलेली नसते. वास्तविक ईएसआय लागू असलेल्या ठिकाणी कामावरील दुखापतीचे संरक्षण नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असते आणि ठेकेदाराच्या माणसांची जबाबदारी मूळ मालकाला झटकता येत नाही. ‘त्याचेच लक्ष नव्हते’ हे उत्तरही पुरेसे नाही, कारण कामगाराच्या निव्वळ निष्काळजीपणामुळे मालकाची भरपाईची जबाबदारी संपत नाही, हे तत्त्व 1923 च्या कामगार भरपाई कायद्यापासून चालत आले आहे. मालक स्वतः यंत्रावरचे संरक्षक आवरण (गार्ड) काढून प्रेस चालवायला लावत असेल, तर दोष कामगाराच्या माथी मारणे मला अत्यंत लाजिरवाणे वाटते.

म्हणून मालकांना कळकळीची विनंती आहे की, अपघाताची नोंद त्याच दिवशी, जखमी कामगाराच्या आणि शेजारी काम करणाऱ्याच्या सांगण्यावरून नोंदवहीत करावी, तिची प्रत त्याच्या घरच्यांना द्यावी आणि कारण सापडून दुरुस्ती होईपर्यंत ते यंत्र बंद ठेवावे. उत्पादन अडते हे खरे, परंतु दुसऱ्या शिफ्टचा माणूस त्याच प्रेसवर बसणार असतो. कामगार बरा होऊन आल्यावर त्याला झेपेल असे काम देणेही यातच आले.

हिंगणा आणि बुटीबोरीच्या उद्योजक संघटनांनी आपल्या सभासदांकडून एवढे लेखी मान्य करून घ्यावे आणि ठेकेदारांनाही त्यात बांधून घ्यावे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिफ्ट सुपरवायझर, नागपूर