पडवीच्या खांबाबद्दल, आणि चवथीबद्दलही

वेंगुर्ले,
नारळी पौर्णिमेनंतरचा रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल दादाचा फोन आला, तेव्हाच ठरवलं की हे सगळं नीट लिहून पाठवायचं. फोनवर आई निम्मं ऐकते, बाबांना निम्मं ऐकू येतं आणि मधला मजकूर दादा आपल्या मनाने भरतो. त्याने तुम्हाला सांगितलंय, "बायने पडवीचा खांब कापून त्याची गिटार केली." केली आहे, म्हणजे बेस, खालच्या सुरांची चार तारांची विजेवरची गिटार. पण आई, तू ज्या खांबासाठी हळहळलीस तो हा नव्हे. तुळशीकडचा खांब जागच्या जागी आहे, त्याच्यावरच्या तुझ्या हळदीकुंकवाच्या बोटांसकट. कापला तो न्हाणीकडचा. पडवीचं छप्पर उतरवलं तेव्हा मेस्त्रींनीच तो काढला होता. खालचा हातभर भाग ओलीने गेला होता, आणि तिथे आता चिऱ्याचा खांब उभा आहे. तेव्हापासून तो गोठ्यात आडवा पडलेला. मेस्त्री म्हणाले, "बंबात घाला." फणसाचं पिकलेलं लाकूड बंबात घालायचं, म्हणून मी उचलला.

वरून तो किती काळाकुट्ट दिसायचा आठवतंय ना? रंधा मारल्यावर आतून पिवळाधमक निघाला. सगळ्या पडवीत पिवळा भुसा झाला, ह्यांच्या शर्टाला अजून त्याचे डाग आहेत. जुन्या लाकडात खिळे असतात आणि एक खिळा लागला तरी करवतीचं पातं जातं, म्हणून आधी स्पीकरचं जुनं लोहचुंबक खांबावरून इंचाइंचाने फिरवलं. एका ठिकाणी ते चिकटलं. बाबा, तुमचा कंदील टांगायचा खिळा. डोकं कधीच झिजून गेलेलं, आत दोन बोटं लांबीचा गंज, आणि भोवतीचं लाकूड निळसर काळं पडलेलं. खिळा काढला, भोक बुजवलं, डाग मात्र ठेवलाय. बेसच्या पुढच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात.

फणसाचं वाद्य म्हणजे विचित्र असं दादाला वाटतं. तंजावरची वीणा फणसाचीच असते, मृदंगाचं खोडसुद्धा. तसं खरं सांगायचं तर विजेवरच्या वाद्यात लाकडाने आवाज किती बदलतो यावर लोक तासन्‌तास भांडतात, आणि माझ्या मते त्यातलं बरंचसं कौतुक विकणाऱ्यांनी वाढवलेलं आहे. तार कशी, तिच्याखालचा पिकअप (आवाज पकडणारं वेटोळं) कसा, सांधा किती घट्ट, यावर जास्त अवलंबून असतं. मी फणस घेतला, कारण तो घरात होता, इतक्या वर्षांत जेवढा हलायचा तेवढा हलून झाला होता, आणि त्याला वाळवी लागलेली नव्हती.

नेक, म्हणजे गिटारचा लांब दांडा, मात्र सागाचा. जुन्या खिडकीच्या चौकटीच्या तीन पट्ट्या उभ्या चिकटवून केलाय. साग तेलकट, फेव्हिकॉल नीट धरत नाही, म्हणून चिकटवण्याआधी थिनरने पुसून घ्यावा लागतो. त्यावर बोटं फिरवायची पट्टी शिसवीची. जगभरच्या गिटार बनवणाऱ्यांना आपल्याकडची शिसवी लागते. २०१७ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, मग २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. माझी पट्टी सावंतवाडीच्या एका मोडलेल्या पलंगाची आहे, त्यामुळे मला त्याची चिंता नाही.

आता बाबांचा प्रश्न. "ह्यां इकून काय मिळता गो?" काही नाही मिळत, बाबा. वीस-पंचवीस हजारांत कारखान्यातला नीट वाजणारा बेस घरपोच येतो. माझ्या वस्तूला कारखान्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे लावायचे ठरवले तर वेंगुर्ल्यात कोण घेणार? शिरोड्याच्या त्या डावखुऱ्या मुलाला करून दिला तेव्हा सामानाचे तेवढे घेतले. पलीकडे गोव्यात लग्नांत वाजवायला जातो तो. दुकानात डावखुऱ्यांसाठी क्वचितच काही ठेवलेलं असतं. बिचारा उजवा बेस उलटा धरून वाजवायचा, आणि आवाजाची बटणं त्याच्या कोपराखाली यायची. त्याचा पंजा मोजला, बसून आणि उभं राहून वाजवताना मनगट कुठे येतं ते खडूने पाठकोऱ्या कागदावर उतरवलं, आणि त्याप्रमाणे केला. आमच्या शाळेतल्या एका मुलीसाठी तारेची लांबी नेहमीच्या ३४ इंचांऐवजी ३० ठेवलीय, तिची करंगळी पोचत नव्हती. हातांनी करण्याला अर्थ आहे तो इथे. नाहीतर कारखाना माझ्यापेक्षा सरळच कापतो.

विकायला लागले की तारीख येईल, तारीख आली की घाई येईल. दिवसभर "मॅडम, मॅडम" ऐकून आल्यावर मला एक तास असा हवा असतो ज्यात माझ्याकडून कुणालाच काही नको असतं. आणि मला स्वतःला वाजवता येत नाही यावर हसू नका. १९५१ साली ज्याने पहिला गाजलेला विजेवरचा बेस बाजारात आणला, त्या लिओ फेंडरलाही गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्त करायचा तो. तेव्हा बँडवाले माणसाएवढा उंच लाकडी बेस बसच्या टपावर बांधून न्यायचे आणि बाकीच्या गोंगाटात तो ऐकूही यायचा नाही. त्याने तो गळ्यात अडकवता येईल एवढा केला, आणि सूर अचूक लागावा म्हणून पट्टीवर फ्रेट ठोकले. फ्रेट म्हणजे सतारीचे पडदे, फक्त हे सरकत नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ खातात ते हेच. प्रत्येकाची जागा गणिताने येते: उरलेली तार भागिले १७.८१७. म्हणजे ८६४ मिलिमीटरच्या तारेला पहिला फ्रेट ४८.५ वर, दुसरा त्याच्या पुढे ४५.८ वर, तिसरा आणखी जवळ, आणि बारावा बरोबर मध्यावर. नववीच्या वर्गात हे फळ्यावर करून दाखवते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही वही उघडतात. बारीक करवतीने खाच पाडायची, फ्रेट हातोडीने बसवायचा, आणि वीसच्या वीस बसले की प्रत्येकाच्या माथ्यावर काळ्या मार्करची रेघ ओढायची. मग सरळ पट्टीला पॉलिश पेपर चिकटवून ती सगळ्यांवरून हलक्या हाताने फिरवायची. जिथली शाई गेली तो फ्रेट उंच, जिथली राहिली तो खाली. पुन्हा रेघा, पुन्हा पट्टी, असं सगळ्यांची शाई एकदम जाईपर्यंत. हे झालं की माथे सपाट झालेले असतात, ते एकेक कानशीने परत गोल करायचे. आई, तू विचारत होतीस ना रात्री अकरापर्यंत लाईट का जळते, ती यासाठी.

पावसाचं म्हणाल तर आपल्या हवेत हा उद्योग करणं म्हणजे वर्षाचे चार महिने हात बांधून बसणं. लाकूड कापायचं ते चैत्र-वैशाखात. मृगाचा पाऊस लागला की पट्टी आडवी फुगते आणि नेक हलतो. त्यात चार तारांचा मिळून सुमारे ८० किलोचा ताण सतत ओढत असतो. त्यासाठी नेकच्या पोटात पोलादी सळई असते. चावीने पाव आटा फिरवला की वाक कमी-जास्त होतो. ते मी मृगाला एकदा करते आणि दिवाळीनंतर एकदा. लाखेचं पॉलिश आषाढ-श्रावणात मारायचंच नाही, दमटपणाने ते पांढरं पडतं. म्हणून हा बेस सध्या नुसता जवसाच्या तेलावर आहे. बाबा, तुम्ही डिंबेल, काजूच्या टरफलाचं तेल, सुचवाल. होडीला ठीक आहे ते, पण जी वस्तू पोटाशी धरायची तिला लावलं तर अंगावर फोड उठतील.

तुळशीच्या पलीकडे खड्डा खणला तोही दादाने सांगितला असेलच. मीठ-कोळसा घालून अर्थिंग केलंय. आपल्या घराला ते कधी नव्हतंच. अँप्लिफायर लावून तारांना हात लावला की बोटांना झिणझिण्या यायच्या, म्हणून वायरमनला बोलावलं. आता फ्रीजही शॉक देत नाही. तुळशीच्या मुळापासून लांब आहे, काळजी नसावी.

आता खास बाबांसाठी. माळ्यावरचं तुमचं वाइंडिंगचं यंत्र मी खाली काढलंय, ज्यावर तुम्ही डेपोतून आणलेल्या डायनॅमोंची वेटोळी बांधायचात. मोजणीचा काटा अजून चालतो, फक्त तेल घालावं लागलं. बेसच्या तारांखाली जो पिकअप असतो त्याचं तत्त्व तुमच्या डायनॅमोचंच: लोहचुंबक, त्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं, आणि वर हलणारं पोलाद. पोलादाची तार छेडली की वेटोळ्यात वीज उठते. पण इथे वेढे आठ ते दहा हजार, आणि तार एवढी बारीक की जरा ओढली तर तुटते आणि जरा सैल सोडली तर वेटोळं फुगतं. १९५७ पासून या बेसला दोन वेटोळी असतात, एकमेकांच्या उलट दिशेने गुंडाळलेली, म्हणजे घरच्या विजेची ५० सायकलची घरघर दोन्हींत उलटसुलट येऊन एकमेकींना मारते. पहिलं मी केलंय. दुसरं तुम्ही करायचं. तार बोटांतून सोडताना ताण किती ठेवायचा हे तुम्हाला डोळ्यांनी बघावं लागत नाही, तुमच्या बोटांना ते पाठ आहे. चवथीला येणार आहात तर दोन दिवस आधी या.

दादाने तुमच्या कानाच्या तपासणीचा कागद मला फोनवर पाठवला होता. डॉक्टर त्याला काय म्हणाले ते माहीत नाही, पण तो आलेख मला वाचता येतो. उजवीकडे, म्हणजे वरच्या सुरांना, रेघ पार खाली गेलीय. वयाप्रमाणे आधी तेच जातात. टाळ, पेटीचं तार सप्तक, नातवाचं बोलणं, सगळं त्या बाजूचं. डावीकडे, खालच्या सुरांना, रेघ अजून बरीच वर आहे. बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला ४१ वेळा थरथरते, आपल्या पेटीच्या सगळ्यात डावीकडच्या पट्टीच्याही खाली. गेल्या चवथीला भजन चालू असताना तुम्ही उठून ओटीवर जाऊन बसलात. आई म्हणाली पाय आखडले असतील. मला तसं वाटलं नाही.

तर मी वाडीतल्या बुवांशी बोलले. आधी म्हणाले, "भजनात गिटार? देव उठान जायत." मग शिरोड्याच्या मुलाने त्यांच्यासमोर पखवाजाच्या धुम्याबरोबर, म्हणजे डाव्या बाजूच्या घुमाऱ्याबरोबर, एकच सूर धरून ठेवला. बुवांनी एक गजर पुरा म्हटला आणि विचारलं, "ह्यां बारीक कसा करतत?" म्हणजे होकार समजायचा. मंडळाच्या भोंग्यातून हा आवाज निघत नाही, भोंगा खालचे सूर खाऊन टाकतो. त्यामुळे मोठ्या स्पीकरचा खोका कुडाळहून भाड्याने येतोय. तो मी माटवीच्या, म्हणजे गणपतीवरच्या सजवलेल्या चौकटीच्या, डाव्या हाताला, तुमच्या खुर्चीजवळ ठेवणार आहे. आई, तुला फार वाटलं तर माजघरात बस. पण त्या रात्री आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांची उसळ तुलाच करायची आहे, वाडीने आत्ताच बजावून ठेवलंय.

दोन कामं. दादाला लॅमिंग्टन रोडवरून एनॅमल केलेली तांब्याची तार आणायला सांगा, पाव किलो पुरे. "४२ गेज" एवढंच म्हणाला तर दुकानदार आपल्या नेहमीच्या गेजमधली ०.१ मिलिमीटरची देईल. मला हवी ती अमेरिकन मापातली, ०.०६३ ची. आपल्याकडच्या मापात ४६ च्या आसपास. त्याला कागदावर लिहून द्या आणि मायक्रोमीटरने मोजून घे म्हणावं.

दुसरं तुमच्या पखवाजाचं. उजवी पुडी उंदरांनी कुरतडलीय, ती बदलून घेते. बुवा काळी चारमध्ये गातात. त्याच पट्टीत लावून घेऊ की तुम्हाला हाताला थोडी उतरलेली बरी वाटेल, ते कळवा. डाव्या बाजूला लावायची कणीक मी इथे मळून ठेवीन.

तुमची,
बाय