टायमिंग लावायचं कुठे?

प्रिय सुन्या,

परवा फोनवर तू एचसीसीआय इंजिनाबद्दल विचारलंस, "प्लग नाही, ऐन वेळी डिझेल मारणारा इंजेक्टर नाही, मग टायमिंग, म्हणजे पेटायची नेमकी वेळ, लावायचं कुठे?" मी विषय बदलला. ज्याचं पोट डिझेल पंपाच्या कॅलिब्रेशनवर, त्याला "लावायला जागाच नाही" असं फोनवर कोण सांगणार!

एचसीसीआय म्हणजे एकजीव मिश्रण नुसतं दाबून पेटवणं. या इंजिनात हवा आणि पेट्रोल आधीच एकजीव होऊन येतं, तेही भरपूर लीन, म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. पिस्टन वर जातो, मिश्रण दाबलं जाऊन तापतं आणि जवळपास सगळीकडे एकदमच पेटतं. तापमान फार चढत नाही, त्यामुळे नायट्रोजन ऑक्साइडं आणि काजळी नगण्य. जपानात ओनिशी आणि मंडळींनी 1979 मध्ये हे टू-स्ट्रोकवर करून दाखवलं, 1983 मध्ये नाज्त आणि फॉस्टर यांनी फोर-स्ट्रोकवर.

पेटायचं कधी, हे मात्र इंधनाचं रसायन ठरवतं. दाबलं जात असताना हायड्रोजन पेरॉक्साइड साठत जातं. हजार केल्विनच्या आसपास ते भराभर फुटतं, ओएच मूलकं, म्हणजे कशावरही तुटून पडणारे रेणूंचे तुकडे, मोकळी होतात आणि धडाका उडतो. एन-हेप्टेनसारखं इंधन तर त्याआधीच थोडी उष्णता सोडतं, मग तापमान वाढत असूनही त्याची रासायनिक क्रिया मध्येच मंदावते. विचित्र प्रकार आहे, पण मला सगळ्यात आवडतो तो हाच.

आता तुझ्या भाषेत. 1200 आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात 7.2 अंश फिरतो. म्हणजे रसायनाने मिलिसेकंदभर उशीर केला, तर टायमिंग एवढं रिटार्ड, म्हणजे मागे पडलं! दोन अंश चुकलेला पंप तू दुकानाबाहेर जाऊ देत नाहीस. इथे आत येणारी हवा जराशी गरम झाली तरी टायमिंग ॲडव्हान्स होतं, म्हणजे आधीच पेटतं. फार लवकर पेटलं की नॉकिंग, म्हणजे इंजिनात ठोके, फार उशिरा पेटलं की मिसफायर, म्हणजे नीट पेटतच नाही. लोड वाढवला की पहिलं संकट, कमी केला की दुसरं.

म्हणून टायमिंग आडून धरावं लागतं. एक्झॉस्ट वाल्व लवकर बंद करून जळालेला गरम वायू थोडा आतच कोंडायचा, सिलिंडरमधल्या प्रेशर सेन्सरवरून निम्मी उष्णता कोणत्या कोनाला सुटली ते काढायचं आणि पुढच्या सायकलला सुधारायचं.

माझदाने 2019 च्या स्कायॲक्टिव्ह-एक्समध्ये सरळ प्लगच ठेवला. ठिणगीने थोडंसं पेटवायचं, त्या ज्योतीच्या फुगण्याने उरलेलं मिश्रण आणखी दाबलं जातं आणि आपोआप पेटतं. शुद्धतावादी नाक मुरडतात. मला तर तीच शहाणी वाट वाटते, निदान टायमिंगची दोरी हातात राहते.

वहिनींना नमस्कार. या सगळ्यावर तुझ्या शिव्या फोनवर नकोत, सविस्तर लिहून पाठव.

तुझाच,
अव्या